खुर्चीखालची फरशी

आमच्या पलूसच्या दुकानात विहिरीवरच्या मोटारी दुरुस्तीला येतात, मिक्सर येतात. व्हॅक्युम क्लीनर मात्र एकदाच आला. पत्र्याचा, माझ्या दुप्पट वयाचा. गल्लीतल्या काकूंनी आणलेला.

"ह्यांनी मिल्ट्रीत असताना घेतल्याला. नीट कर, पोरा."

मी चाचरत म्हणालो, "काकू, नवा घ्या की. ह्याला लय खर्च हाय."

"नव्याचा आवाज ह्यांना ठावा न्हाई रं. आता मलाच 'तुमी कोण?' म्हणत्यात. घरातलं समदं जुनं दाखवून झालं. एवढंच ऱ्हायलंय."

मग मशीन उघडलं. मोटारीत नवी तार भरली, झिजलेले कार्बन बदलले, फाटक्या नळीला सायकलची ट्यूब गुंडाळली आणि मशीन काकूंच्या घरी घेऊन गेलो. काकूंचे यजमान, आबा, खुर्चीत भिंतीकडे बघत बसले होते. बटण दाबलं तसं घर दणाणलं. आबा ढिम्म. मला वाटलं, मशीन चाललं, पण काम काही झालं नाही.

काकूंनी नळी धरली आणि फरशी साफ करत खुर्चीपाशी आल्या. आबांनी दोन्ही पाय अलगद वर उचलले.

काकू जागीच थांबल्या. "आवं, वळखलं व्हय?"

आबा त्या आवाजात ओरडले, "आटप की गं! किती येळ पाय वर धरू?"

काकू खुर्चीखालची तेवढीच फरशी पुन्हा पुन्हा झाडत राहिल्या. मी बटण बंद करायला वाकलो, तर मानेनंच नको म्हणाल्या.