पिशवीतली पॉटी

कर्फ्यू उठला होता. परमुलखातल्या त्या बसस्टँडवर झडतीच्या रांगेत मागून मराठी ऐकू आलं, तशी वसुधानं मान वळवली. मागे एक नवरा-बायको लहान मुलाला घेऊन उभे होते.

“रागिणी, पिशवीत पॉटी? पोलीस उघडून बघतील!”

“बघू देत. कर्फ्यूचे चार दिवस घरात बसून निनादला शिकवलंय, अहो.”

“काय शिकला? चड्डीत झाल्यावरच सांगतो.”

“आई, शी!”

“घ्या! झालीच असेल.”

“थांबा, बघते... कोरडी आहे! आज आधी सांगितलं त्यानं!”

“आता? रांग सोडली तर बस जाईल.”

“जाऊ दे बस!”

शिपाई पुढे आला. “बॅग में क्या है?”

“जी... बच्चे की पॉटी. उसको अभी जाना है.”

शिपायानं पिशवी उघडली, पॉटी उलटीपालटी करून पाहिली आणि स्वतःच जमिनीवर मांडली. “बैठ, पुत्तर. बस रुकेगी.”

वसुधासकट सगळी रांग पाठ करून उभी राहिली.

“आई, झाली!”

“शाबास रे पठ्ठ्या!” बाप ओरडला.