ओलं कार्ड हाती देत नसतात

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे आधारस्तंभ आदरणीय भैयाजी, व्यासपीठावर विराजमान मुख्याध्यापक नंदलालजी, सत्कारमूर्ती सुलोचनाबाई, माझे सहकारी, आमगावातले पालक, आणि मागच्या दाराशी भाषणाकडे पाठ व मसालेभाताकडे नाक करून उभे असलेले सज्जनहो!

मला पाच मिनिटं दिली आहेत. नंदलालजींच्या प्रास्ताविकाला पस्तीस लागली. पण सभागृहातलं घड्याळ भैयाजींनी भेट दिलेलं असून ते दोन महिन्यांपासून बंद आहे, तेव्हा दोष कोणालाच देता येत नाही.

बाई एकतीस वर्षं आपल्या प्रयोगशाळेत परिचर होत्या, आज निवृत्त होताहेत. त्यांनी काचेची भांडी किती जपली, हे आज चौघांनी सांगितलं. त्यांच्या शुभेच्छांच्या कार्डांबद्दल मात्र कोणी बोललं नाही. इथल्या निम्म्या लोकांच्या घरी ते कार्ड आहे की नाही? आहे ना? मग लाजता कशाला?

प्रॅक्टिकलच्या वह्यांमधली कोरी राहिलेली जाड पानं कापायची, बीकरमध्ये पाणी घ्यायचं आणि जलरंगात चित्र काढायचं, अशी बाईंची रीत. ओल्या रंगावर त्या चिमूटभर मीठ टाकतात. मीठ रंग पिऊन घेतं आणि आभाळात चांदण्या उमटतात. ते मीठ प्रयोगशाळेचं असतं, हे भैयाजी, आपण ऐकलेलं नाही.

चित्र बाईंचं, पण आतला मजकूर ज्याचा त्यानं लिहायचा आणि कार्ड स्वतः नेऊन द्यायचं. फोटो काढून मोबाइलवर धाडला, की त्या माणसाला पुन्हा कार्ड नाही. आमच्या स्टाफच्या ग्रुपवर रोज सकाळी सत्तावीस गुलाब उमलतात आणि दुपारी तेच सत्तावीस जण जिन्यात एकमेकांना ओळख देत नाहीत. त्यांत मीही आलोच.

आता घरातली गोष्ट चारचौघांत काढतो. कामठ्याला माझे मोठे भाऊ उदाराम राहतात. आमच्या दोघांच्या धानाच्या बांध्यांमध्ये हद्दीचा एक धुरा आहे आणि धुऱ्यावर मोहाचं झाड. ते झाड कोणाचं, यावरून आम्ही नऊ वर्षं एकमेकांशी बोललो नव्हतो. मी मराठी शिकवतो, साप्ताहिकात लोकांची खिल्ली उडवतो. शब्दांचा तुटवडा मला कधी पडला नाही. फक्त 'दादा' एवढा एक शब्द तोंडातून निघत नव्हता. गेल्या महिन्यात पुतणीचं, गुंजनचं, लग्न ठरल्याचं कळलं. कोणाकडून? भाजीवाल्याकडून. माझ्याच घरच्या लग्नाला मला बोलावणं येईल की नाही, हे मी वांगी निवडता निवडता मोजत होतो.

बाईंना म्हटलं, तेच झाड काढून द्या.

"कोन्या बाजूनं हाय झाड, सर?"

"माझ्या," मी म्हणालो. सवय!

मजकुराचा कच्चा कागद त्यांना दाखवला. वाचून म्हणाल्या, "सर, हे कार्ड हाय का नोटीस?" तीनदा खोडलं. शेवटी उरलं ते एवढंच: 'दादा, गुंजनचं ऐकलं. आनंद झाला. लीलाधर.'

कामठ्याला गेलो, तर दादा त्याच झाडाखाली मोह वेचायला गेलेला. शामकलावहिनींनी पदराला हात पुसून कार्ड घेतलं. "बसान नाही का भाऊजी?" बसलो नाही. हिंमत तेवढीच सोबत आणली होती.

आठ दिवस काही नाही. नवव्या दिवशी मधल्या सुट्टीत दादा शाळेत हजर. हातात कार्ड आणि आवाज शेतातला.

"काऊन गा लीलाधर, झाड तं माह्या बाजूनं हाय! बाईले खोटं सांगतलं ना तुनं?"

स्टाफरूममधले डबे उघडे ते उघडेच राहिले. मीही बाह्या सरसावल्या. तेवढ्यात बाईंनी दादाला प्रयोगशाळेत नेऊन स्टुलावर बसवलं, कार्डावरच्या झाडावर ओला ब्रश फिरवला, फडक्यानं रंग टिपून घेतला आणि ब्रश त्याच्या हाती दिला. "भाऊ, तुमीच दाखवा, कुठं हाय तं."

दादानं आयुष्यात ब्रश धरलेला नाही. म्हशीला पाणी पाजावं तसा त्यानं तो बीकरमध्ये बुडवला आणि कागदावर टेकवला. रंग दोन्हीकडे धावला. झाड गेलं, धुरा गेला, राहिलं एक हिरवं डबकं. इथं एखाद्या वक्त्यानं मोठं रूपक केलं असतं. मी करत नाही; चित्र खरोखरच बिघडलं होतं.

"बिघडलं गा," दादा हळूच म्हणाला.

"सुकू द्या," बाई म्हणाल्या. "ओलं कार्ड हाती देत नसतात."

आणि जाता जाता पंखा बंद करून गेल्या. एप्रिलच्या तोंडावर! मला वाटलं, शाळेची वीज वाचवत असतील; पंख्याखाली तर कार्ड पाच मिनिटांत सुकलं असतं.

दोन स्टुलं, मध्ये ते डबकं.

"गुडघा कसा हाय तुहा?"

"चालते. तुहा?"

"चालते."

मग मी मांडणीवरच्या काचेच्या नळ्या मोजल्या. कार्डावरची नजर न काढता दादा म्हणाला, "गुंजनच्या लग्नात वाढाले कोन हाय आपल्याकडे?"

"मी आहो ना."

"मंग पत्रिकेची वाट कायले पाहून राहिला?"

श्रोतेहो, झाड कोणाचं हे अजून ठरलेलं नाही. परवाच पुन्हा भांडलो. पण समोरासमोर, आणि मध्ये वहिनींनी चहा आणला. लग्न येत्या आठवड्यात आहे; वाढायला मी आहे.

बाई, शाल आणि श्रीफळ तुम्हाला मिळालं. पण एकतीस वर्षांत तुम्हाला कोणी कार्ड दिलं का? काल विचारलं, तर तुम्ही हसलात. मग आम्हाला लाज वाटली. तासाभरापूर्वी तुमच्याच प्रयोगशाळेत दादानं आणि मी एक रंगवलं. धुरा मी काढला, झाड त्यानं. कोणत्या बाजूला ते तुम्हीच पाहा. चौथ्या रांगेत दादा ते मांडीवर आडवं धरून बसला आहे. पाणी त्यानं नेहमीसारखंच घेतल्यामुळे ते अजून ओलं आहे; सुकेपर्यंत तुम्हाला जाता येणार नाही.

बोलू दिल्याबद्दल भैयाजींचे आणि ऐकून घेतल्याबद्दल आपल्या सर्वांचे आभार. माझं काही कोणाला टोचलं असेल, तर ओलं आहे तोवरच पुसून टाका, आणि मला क्षमा करा.

आणि नंदलालजी, बटण आपल्याच पाठीमागे आहे. तेवढा पंखा बंद करता का?