तिसऱ्या मुलीचा डावा पाय

लॉस एंजेलिसच्या आमच्या थिएटरात रविवारी दुपारी जुने टॅप नाचाचे, म्हणजे बुटांच्या तळाला पत्र्या ठोकून पायांनी ताल वाजवायच्या नाचाचे, सिनेमे लावतात. तिकिटाच्या रांगेत माझ्यापुढे एक नवरा-बायको उभे होते, वेंडेल आणि ओपल. माझ्याच वयाचे, ऐंशीच्या घरातले.

“नाचणाऱ्या मुलींत डावीकडून तिसरी मी. या वेळी तरी झोपू नकोस, वेंडेल.”

“चाळीस वेळा पाहिलाय, ओपल. एक सांगू? चिडणार नाहीस ना?”

“चिडेन. सांग.”

“नातवंडांना सांगतेस ना, एकटी पुढे येऊन नाचले आणि एकही ठोका चुकले नाही?”

“नाहीच चुकले!”

“तो बुटांचा आवाज तुझा नाही.”

“अरे, सगळ्यांचेच आवाज नंतर भरायचे. तू स्टुडिओत त्या आवाज भरायच्या खोलीतच कामाला होतास.”

“म्हणून तर सांगतोय. शूटिंगच्या मूळ आवाजात तुझा डावा पाय मुकाच होता. ते ठोके मी माझ्या बुटांनी वाजवले. तुला वाईट वाटेल म्हणून साठ वर्षं बोललो नाही.”

“पाय चुकला नव्हता. बुटाची लोखंडी पत्री निखळली होती.”

“म्हणजे तुला माहीत होतं?”

“पडद्यावर तो पाय वाजला तेव्हाच कळलं. म्हटलं, कोण हा भला माणूस? शोधत तुझ्या खोलीपर्यंत आले.”

“तू तर काडेपेटी मागायला आली होतीस!”

“मी आयुष्यात कधी सिगारेट ओढली का रे?”

रांग सरकली. वेंडेल खिडकीशी वाकला.

“दोन द्या. अगदी पुढची. आज मी झोपणार नाही.”