टाकीमागचा पिंपळ

(विद्यानगर. अपार्टमेंटची गच्ची. पाण्याच्या टाकीमागे फुटकी कुंडी, तीत पुरुषभर उंचीचा पिंपळ. समोर सोसायटीचे सेक्रेटरी आबासाहेब आणि पहिल्या मजल्यावरचे, रेल्वेतून निवृत्त झालेले शंकरराव.)

आबासाहेब : ...म्हणून म्हटलं, हे काम तुमच्याच हातनं व्हावं.

शंकरराव : माळी काय म्हणला?

आबासाहेब : कानाला हात लावून पळाला. मेस्त्री आला, तो नमस्कार करून गेला. पिंपळ उपटला की वंश बुडतो म्हणे.

शंकरराव : आणि माझा?

आबासाहेब : तुमच्यात नसतं ना हे.

शंकरराव : आमच्यात याच्याखाली बुद्धांना ज्ञान झालं, आबासाहेब.

आबासाहेब : तेच म्हणतो मी! घरचंच झाड. घरच्या माणसाला कसलं पाप?

शंकरराव : घरचं तर आहेच. कुंडी ओळखली का?

आबासाहेब : कुंड्या काय, सगळ्या सारख्याच.

शंकरराव : हिला निळा रंग आहे. आमच्या हिनं, मनकर्णानं दिलेला. बुद्धपौर्णिमेला पिंपळाचं रोप लावून गेटपाशी ठेवली होती तिनं. चौथ्या दिवशी गायब.

आबासाहेब : गाड्यांना अडचण होत होती.

शंकरराव : तुमची तुळस तिथंच आहे.

आबासाहेब : तुळस अंग चोरून उभी राहते. आणि टाकून नाही दिली मी, इथं गारव्याला ठेवली.

शंकरराव : मला म्हणालात, चोरीला गेली. गच्चीची किल्ली तुमच्या कमरेला. सहा वर्षं मी चोराला शिव्या घालतोय.

आबासाहेब : आता जुनं कशाला उकरायचं?

शंकरराव : उकरायलाच तर बोलावलंत.

आबासाहेब : परेशान झालोय हो! कुंडीच्या भोकातनं मूळ स्लॅबमध्ये, स्लॅबमधनं थेट आमच्या देवघरात. गणपतीच्या डोक्यावर लोंबतंय, पाणी ठिबकतंय. आमची ही, कुसुम, त्यालाही हळदकुंकू वाहायला लागली. रविवारी आमच्या माधवीला बघायला पाहुणे येणार.

शंकरराव : बाहेर जागा मिळंना, आत शिरलं. झाडाचा काय दोष?

आबासाहेब : काढता ना मग? मोठ्या मनानं?

शंकरराव : हौ, काढतो. पण मरू द्यायचं नाही. मनकर्णा गेली, तिचं एवढंच राहिलंय. वरून माती सोडवू. मग खालून मूळ हल्लू हल्लू ढिलं करत वर सरकवायचं.

आबासाहेब : खालून कोण करणार?

शंकरराव : मीच. तुमच्या देवघरात एक स्टूल ठेवा, बस्स.

आबासाहेब : ...देवघरात?

शंकरराव : चौदा वर्षांत तुमचा उंबरा ओलांडला नाही. पण सापडेल रस्ता. मुळाच्या मागं मागं येतो.

आबासाहेब : शंकरराव... वरूनच ओढलं, तर नाही का निघणार?