विजेला कुणी कळवायचं?

...आणि हा गृहस्थ म्हणतो, मतदान घेऊ! मतदान! शॉर्ट सर्किट कुठे झालंय यावर! तुम्हाला सांगतो, पालिकेच्या नोंदणी कचेरीत मी उभा जन्म काढला, मूर्खपणाचे नमुने काही कमी पाहिले नाहीत, एक बाई तर कुत्र्याची नोंद कुटुंबात करून घ्यायला आली होती, पण बिघाड कुठे आहे हे हात वर करून ठरवायचं, हे मी आमच्या टेबलावरच्या छोट्या आगगाड्यांच्या मंडळातच पाहिलं! आमच्या या श्वाबेनमध्ये, जर्मनीच्या या कोपऱ्यात, चार माणसं एकत्र बसली की मंडळ होतं, मंडळ झालं की अध्यक्ष होतो, आणि अध्यक्ष झाला की... संपलं!

अध्यक्ष कोण? हार्टविग. खाटीक. जन्मभर सॉसेज विकत होता. सॉसेज उत्तम हं, त्याबद्दल वाद नाही, पण सॉसेजवर गाडी चालत नाही!

मग हा आमच्या डोक्यावर बसला कसा? तर गावात मंडळं दोन. आमचं दोन रुळांचं, त्यांचं तीन रुळांचं. आमच्यात वीज एका रुळातून येते, दुसऱ्यातून परत जाते. खऱ्या गाडीसारखे दोनच रूळ, देखणे! त्यांच्यात मधोमध तिसरा. वीज त्या मधल्यातून येते आणि बाजूच्या दोन्हींतून परत जाते. पोरखेळ नुसता! एका टेबलावर बसून कधी बिअरसुद्धा प्यायलो नाही आम्ही. पण मग आमची माणसं मरत गेली, त्यांचीही मरत गेली, तेवढ्याच एका बाबतीत एकमत होतं, आणि शेवटी मंडळं एक करावी लागली. खोली त्यांची, अग्निशमन दलाच्या ठाण्याच्या वरची, अध्यक्षही त्यांचाच, रूळ आमचे. आणि पहिला ठराव कसला? एकमेकांना अहो-जाहो करायचं की अरे-तुरे! बहुमताने अरे-तुरे ठरलं. तेव्हापासून तो मला 'अरे फोल्कमार' म्हणतो, आणि मी त्याला... 'अध्यक्ष' म्हणतो. काय करणार?

नवा देखावा याच अध्यक्षांनी आखला. गाडी स्टेशनातून निघणार, डोंगरातल्या बोगद्यात शिरणार, आत गोल वळसा घेणार आणि त्याच तोंडातून बाहेर पडून त्याच रुळावरून परत येणार. मी म्हटलं, "अध्यक्ष, रूळ वळसा घालून स्वतःलाच येऊन मिळाला की डावा रूळ उजव्याला भिडतो. येणारी वीज जाणाऱ्या विजेच्या गळ्यात पडते. वळशाच्या दोन्ही टोकांना रूळ कापावे लागतात, वीज उलटी करणारी पेटी बसवावी लागते."

"अरे फोल्कमार, मी आयुष्यभर वळसे घालतोय! कधी साधी ठिणगी उडाली नाही!"

नाहीच उडणार! तीन रुळांत उडतच नाही! बाजूचे दोन्ही रूळ सारखेच, कुठूनही फिरून या, कोण विचारतो? पण हे पालथ्या घड्यावर पाणी. पेटी नको, बहुमताने ठरलं. फक्त विजेला कुणी कळवलं नाही.

त्यात साहेबांची दूरदृष्टी! उन्हाळ्यात रूळ फुगतात म्हणून बोगद्याच्या तोंडाशी, परतीच्या बाजूला, नखभर फट ठेवली. खोलीत! पडदे ओढलेल्या खोलीत! त्या फटीमुळे रूळ मोकळे असले की सगळं ठीक. गाडी झोकात निघायची, बोगद्यात शिरायची, आतून घरघर ऐकू यायची, सगळे माना वाकड्या करून बघायचे, इंजिन तोंड बाहेर काढायचं, चाकं फटीवर यायची, इकडची वीज तिकडे जोडली जायची आणि... टक्! सगळं बंद. देखाव्यातल्या गावातले दिवे गेले, चर्चचं घड्याळ थांबलं, फाटक अर्ध्यावर. इंजिनाचं नाक तेवढं बाहेर!

आणि इंजिन कुणाचं? माझं! कित्येक हिवाळे स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून बनवलेलं. बायको, इर्मट्राउड, म्हणते, "पोरांना कधी इतकं चोळलं-पुसलं नाहीस!" नाही पुसलं, पोरं रुळावरून चालणार नव्हती! उद्घाटनाची पहिली गाडी हेच इंजिन ओढणार होतं, तसा ठरावच होता. माझ्या इंजिनाची अब्रू हो, दुसरं काय राहिलंय या वयात?

मग सुरू झाली रोगचिकित्सा. रोस्विटा, आमची खजिनदार, तिचं निदान एकच. "रूळ पुसा." हिचा नवरा गेला तेव्हाही डॉक्टरला 'आधी पुसून बघा' म्हणाली असेल. पुसले. टक्! मग डिटमार, याला सगळं संगणकावर लागतं. "नवं अपडेट आलंय, ते टाकू." टाकलं. पूर्वी टक् व्हायचं, आता टक् होऊन वर पडद्यावर 'स्वागत' अशी अक्षरं यायला लागली! शेवटी मतदान. दोष इंजिनात, बहुमताने. विजेला? छे, तिला कोण कळवतो!

मी म्हटलं, दुसरं इंजिन घालून बघा की. घातलं, हार्टविगचंच, दोन रुळांसाठी नवं घेतलेलं. टक्!

"बघ!" म्हणाला. "तुझ्या इंजिनाने रूळच बिघडवून ठेवले!"

आता बोला! नाचता येईना अंगण वाकडं ऐकलं होतं; इथे नाचणाऱ्याने अंगण वाकडं केलं म्हणे! लगेच ठराव, फोल्कमारच्या इंजिनाला उद्घाटनाची एक संधी. अडकलं तर कपाटात. कायमचं.

उद्घाटनाला सगळं गाव लोटलं. कांद्याचा केक, लोणी लावलेले प्रेट्झेल पाव, जिल्हा संघाचे परीक्षक, कोपऱ्यात चषक. मी नियंत्रकाची मूठ फिरवली. निघालं माझं इंजिन... काय चाल, काय डौल! शिरलं बोगद्यात. घरघर, घरघर, नाक बाहेर...

टक्!

मी मूठ पुन्हा पुन्हा फिरवली. हार्टविगने कपाटाकडे पाहिलं. आणि मागून एक म्हातारा ओरडला, "आली रे आली, आमची रोज अडकणारी सकाळची गाडी!"

हशा! एक बाई नवऱ्याला कोपराने ढोसून म्हणते, "बघा ना, अगदी आपल्या गाडीसारखी! तोंड दाखवते नि थांबते!" हार्टविग पक्का दुकानदार, त्याने लगेच कर्णा उचलला, "प्रवाशांनी कृपया नोंद घ्यावी, तांत्रिक कारणास्तव..." टाळ्या थांबेनात! परीक्षकांनी डोळे पुसले आणि जाहीर केलं, हुबेहूबपणासाठी पहिला चषक. वर्तमानपत्रात फोटो आला, बोगद्यातून बाहेर आलेलं माझ्या इंजिनाचं नाक!

पण मला हो कसलं समाधान! अडकण्याबद्दल चषक? मी दुसऱ्या दिवशी किल्ली घेऊन एकटा गेलो, रूळ कापले, पेटी बसवली. पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर मूठ फिरवली. इंजिन शिरलं, वळलं, तोंड बाहेर, चाकं बाहेर, डबे बाहेर, आणि थेट स्टेशनात! मी छाती काढून वळलो.

सुतकी चेहरे.

"अगं बाई, आली?" रोस्विटा म्हणाली.

"मग लोक काय बघायला येणार?" डिटमार म्हणाला.

आणि हार्टविग, "अरे फोल्कमार, दुरुस्तीचा ठराव कुठे आहे? हे बघ, गाडी धावायचीच असेल तर ती माझं इंजिन ओढेल. अडकायचंच असेल, तर मात्र तुझ्यासारखं कुणालाच जमत नाही. बोल. पेटी काढावी, कोण कोण बाजूने?"

भराभर हात वर झाले. मी इंजिनाकडे पाहिलं. कपाटाकडे पाहिलं. दरवर्षी उद्घाटन, दरवर्षी गर्दी, दरवर्षी फोटोत तेच नाक...

पेटी मीच काढली, रूळही मीच जोडले, नखभर फट सोडून. उन्हाळ्यात फुगतात ना!

ठराव मंजूर. एकमताने. विजेसकट!