बसत नाही, मी बघितलंय

...आणि वर मलाच विचारतो, "काकू, घ्यायच्या आधी बसेल का ते बघितलं होतंत का?" अरे बाबा, बसेल का ते बघायलाच तर तुझ्याकडे आले ना मी? मला बघता आलं असतं तर मी काउंटरच्या अलीकडे कशाला उभी राहिले असते, पलीकडे नसते का बसले, तुझ्यासारखे कानांवर ते हेडफोनचे दोन वाडगे लावून?

थांबा, तुम्हाला पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई उगाच चिडते.

आमच्या घरात एक लॅपटॉप आहे. अकरा वर्षांचा. ह्यांचा. हे गेले त्याला आता चौदा महिने होतील. तेव्हापासून मी वापरते. भाषांतराची कामं करते ना मी घरी बसून. आता त्याची गत काय सांगू? सकाळी बटण दाबायचं, चहा टाकायचा, तो प्यायचा, आंघोळ उरकायची, कपडे वाळत घालायचे, आणि येऊन बघावं तर पडद्यावर ते गोल गोल फिरतंच आहे. एक फाईल उघडली तर ठीक. दुसरी उघडली की धापा टाकतो. शब्दकोश उघडला की हातच जोडतो... आता तुम्ही म्हणाल, मेमरी वाढवा. अहो, हेच मी सहा वर्षांपूर्वी म्हटलं होतं! ह्यांना म्हटलं, अहो, चार जीबीची मेमरी आहे, आठची करून घ्या. ह्यांनी स्क्रू काढले, मागचं झाकण उघडलं, चष्मा कपाळावर ढकलला, आत डोकावले आणि म्हणाले, "बसत नाही. मी बघितलंय."

झालं. बसत नाही, मी बघितलंय. हे आमच्या घरातलं वरचं कोर्ट. त्यापुढे अपील नाही. लग्नानंतर माझं कपाट जिन्यातून वर न्यायचं होतं, चार माणसं घाम पुसत उभी, आणि हे खालून, "बसत नाही. मी बघितलंय." मुलीची सायकल गाडीच्या डिकीत घालायची होती, "बसत नाही. मी बघितलंय." आणि खोटं कशाला बोलू, कपाट नाहीच बसलं. सायकलही नाही बसली. माणूस बरोबर निघत राहिला की त्याच्याशी भांडायचं कसं, तुम्हीच सांगा.

तर परवा मुलीचा फोन. "आई, मी रविवारी येतेय. येताना नवीन लॅपटॉप आणतेय. तो जुना देऊन टाकायचा."

म्हटलं, "कुणाला देऊन टाकायचा?"

"भंगारात, आई. अजून कुणाला?"

म्हटलं, "नको. हाच नीट करून घेते."

"रविवारपर्यंत होत असेल तर कर. नाहीतर मी आणलेला वापरायचा, वाद नाही." बापावर गेलीये, दुसरं काय.

आता नवीन का नको? मला हाच हवा, म्हणून नको. याच्यापुढे मी तिलाही काही बोलले नाही.

म्हणजे माझ्या हातात दिवस चार. लागले कामाला. तर पहिला प्रश्न, मॉडेल नंबर काय? जगात ज्याला विचाराल तो हेच विचारतो. तब्येत कशी आहे विचारणार नाहीत, मॉडेल नंबर विचारतील. तो असतो खालच्या लेबलवर. आणि हे कायम लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायचे, त्यामुळे ते लेबल घासून घासून असं गुळगुळीत झालंय की बोट फिरवलं तर घसरतं. मुलीने फोनवरून सांगितलं, "कंपनीच्या साइटवर एक प्रोग्रॅम आहे, तो चालव, तोच सांगेल कोणती मेमरी बसते." चालवला. वीस मिनिटं विचार केला त्याने. आणि मग काय उत्तर आलं असेल? 'ही तपासणी करण्यासाठी आपल्या संगणकात पुरेशी मेमरी नाही.' अहो, तेच तर विचारतेय ना मी? डॉक्टरने दारातच सांगावं, आधी बऱ्या होऊन या, मग तपासतो... तसलं.

दिराला फोन लावला. म्हटलं, भाऊजी, जरा येऊन बघता का? तर तिकडून शांतपणे, "वहिनी, दादाने बघितलं होतं ना?"

"बघितलं होतं."

"काय म्हणाला?"

"बसत नाही म्हणाले."

"मग संपलं की." आणि फोन ठेवला. बघा, माणूस जाऊन चौदा महिने झाले, निकाल अजून लागू आहे.

शेवटी जुन्या कागदांत लॅपटॉपचा खोका सापडला, त्यावर नंबर होता. मुलीने तो नेटवर शोधला आणि म्हणाली, "आई, कंपनी म्हणतेय, याला आठ चालते." आठ! मला तुम्हाला सांगायला लाज वाटते, पण स्वयंपाकघरात एकटीच हसले मी. म्हटलं, सापडलात.

गेले दुकानात. तोच तो, कानांवर वाडगेवाला. त्याने आठची एक पट्टी काढली. बोटाएवढी हिरवी पट्टी असते, ती आतल्या खाचेत बसवायची, खाचेला हे लोक स्लॉट म्हणतात. त्याने मागचं झाकण उघडलं आणि थांबला. "काकू, आत काहीतरी लिहिलंय."

झाकणाच्या आतल्या बाजूला कागदी चिकटपट्टी, त्यावर ह्यांचं अक्षर. त्याने दुकानभर ऐकू जाईल असं वाचलं. "स्लॉट एकच. चारच्या वर बसत नाही. बघितलं आहे." आणि खाली तारीख.

मी जरा वेळ त्याच्या काउंटरवरचा पंखा बघत राहिले. मग म्हटलं, "तुम्ही बसवा."

बसवली. बटण दाबलं. पडदा काळा आणि आतून टीं, टीं, टीं. तीनदा. परत काढली, परत लावली. टीं, टीं, टीं. तसा तो गालात हसला. "साहेबांनी लिहिलंच होतं की, काकू. या स्लॉटमध्ये चारच चालते." आणि मग ते ऐतिहासिक वाक्य, बसेल का ते बघितलं होतंत का! दुकानात आणखी तीन गिऱ्हाइकं होती हो, तिघांनीही मान हलवली.

घरी आले. म्हटलं, जिंकलात. नेहमीसारखे जिंकलात.

पण शनिवार उजाडला आणि मला काही स्वस्थ बसवेना. कंपनी म्हणते आठ, हे म्हणतात चार, दोघांपैकी कुणीतरी खोटं असणार ना? बाजारामागच्या गल्लीत एक दुरुस्तीवाली बाई आहे, तळघरात बसते, डोळ्याला भिंग, तोंडात स्क्रू. तिच्यासमोर ठेवला. तिने मॉडेल नंबर विचारला नाही. पहिल्यांदाच कुणीतरी विचारला नाही! तिने झाकण उघडलं, चिकटपट्टी वाचली, आणि तोंडातले स्क्रू काढून म्हणाली, "ताई, साहेबांनी फक्त मागून बघितलं."

म्हटलं, "म्हणजे?"

"याला स्लॉट दोन असतात. एक मागे, एक पुढे. चार अधिक चार. कंपनी आठ म्हणते ते असं." तिने लॅपटॉप सुलटा केला, दोन खिट्ट्या सरकवल्या, कीबोर्ड अलगद वर उचलला, आणि त्याखाली... खाच. रिकामी. अकरा वर्षांची धूळ सोडली तर कोरी करकरीत. ज्याच्यावर मी रोज बोटं बडवतेय, त्याच्या बरोबर खाली!

मागे जुनी चारची होतीच, इथे नवी चारची पट्टी आत गेली, बारीकसा टक् आवाज आला. तिने बटण दाबलं तेव्हा मी पर्समध्ये रुमाल शोधत होते, तो सापडायच्या आत लॅपटॉप चालू झाला. ती म्हणाली, "ही चिकटपट्टी काढू का? आता चुकीचं आहे ते." म्हटलं, "राहू दे. कुणाचं काही अडत नाहीये."

आणि घरी येताना बसमध्ये मी काय काय तयारी केली विचारू नका. साऱ्या संसाराचं भाषण! कपाटापासून सुरुवात करणार होते. उद्या मुलगी आली की तिच्यासमोर सगळं काढते म्हटलं, घरात एक तरी साक्षीदार हवा.

रविवारी आली. हातात नवा खोका. मी बटण दाबलं. तीन फायली उघडल्या, शब्दकोश उघडला. ती बघतच राहिली. मी दोन्ही खाचांची गोष्ट सांगितली. तिने खोका खाली ठेवला आणि म्हणाली, "म्हणजे आई, बाबांचं चुकलं होतं? सहा वर्षं उगाच बसत नाही, बसत नाही..."

आता बोला. हाच तो क्षण. तोंड उघडलं मी, आणि तुम्हाला सांगते, काय बाहेर पडलं माहितीये?

"चुकलं कसलं? मागून बघितलं तर नाहीच दिसत ती खाच. कुणाला दिसली असती? आणि तू बापाला नावं ठेवू नकोस."

सगळ्या संसारात एकदा, एकदाच, माझी बाजू खरी ठरली... आणि वकीलपत्र घेतलं ते ह्यांचंच.