सरांचा फायनल टच

सुनंदा : आणि मी परत सांगतेय, हे चित्र माझं नाही. उतरवा ते भिंतीवरून.

उन्मेष : काकू, असं काय करता? खाली तुमची सही आहे. तुम्हीच केलीय.

सुनंदा : सही माझी आहे. तोंड माझं नाही.

उदयसिंह : अरे भिया, उद्या सकाळी उद्घाटन! साठीपुढच्यांच्या चित्रकलेच्या क्लासचं पहिलं प्रदर्शन, आणि तुम्ही आदल्या संध्याकाळी तोंडावरून भांडून राहिले? सुनंदाजी, फर्स्ट क्लास दिसता तुम्ही त्यात. अख्ख्या हॉलमध्ये तुमच्यासारखं चित्र नाही.

सुनंदा : ते चित्रही माझ्यासारखं नाही, उदयसिंहजी. तेच तर सांगतेय.

उन्मेष : मी फक्त फायनल टच दिलाय. प्रदर्शनाआधी सगळ्यांनाच देतो. बाकी सगळं काम तुमचंच आहे.

उदयसिंह : मला विचारा ना! मी चार महिने घोडा काढला. आमचे पणजोबा होळकरांच्या पागेत होते, म्हटलं घोडा तर रक्तातच असणार. निघाली बकरी. सरांनी एका संध्याकाळी तिचा घोडा करून दिला. आता घरचे म्हणतात, दादा, कमाल! मी पण म्हणतो, हां, कमाल!

सुनंदा : तुम्हाला चालत असेल, मला नाही चालत. सर, इकडे या. ओठांचा हा डावा कोपरा मी खाली काढला होता. वर कोणी नेला?

उन्मेष : मी.

सुनंदा : आणि हा गाल? तो उतरलेला होता.

उन्मेष : त्याने जरा... सिमेट्री बिघडत होती, काकू.

सुनंदा : सिमेट्री दोन वर्षांपूर्वी लकव्याने बिघडवली. चित्रात बरोबर होती. तुम्हीच शिकवलंत ना, हात लांब करून ब्रश समोर धरायचा, एक डोळा मिटायचा आणि दिसतं तेवढंच मोजायचं? मी आरशासमोर बसून तेच केलं. पहिल्या दिवशी रडू आलं, खोटं कशाला सांगू. मग मापं घ्यायला लागले. कोपरा किती खाली, गाल कुठून सुटतो. त्या नादात रडायचं राहूनच गेलं.

उन्मेष : ते कळतंय मला. पण पलासियासारख्या भर चौकातला हॉल आहे, रस्त्यावरचे लोक पण आत शिरतात. मतलब, कोणी काही बोललं असतं तर? मला तुमचीच काळजी वाटली.

सुनंदा : बोलू दे की! बोलत नाहीत हाच त्रास आहे. देवळात, लग्नात, सगळे माझ्या कानाकडे बघून बोलतात.

उदयसिंह : मी नाही हं.

सुनंदा : तुम्ही चहाकडे बघून बोलता.

उदयसिंह : वो तो है.

सुनंदा : आणि हे हसू कुठून आणलंत, सर? माझ्या आरशात नव्हतं हे. थांबा, थांबा. हे तर आमच्या सुनेच्या, मधुरिमाच्या डोहाळजेवणातलं हसू!

उन्मेष : तुमच्या सूनबाईंनीच पाठवला तो फोटो. प्रत्येक चित्राखाली आर्टिस्टचा फोटो लावायचा ठरलंय. तुम्ही द्यायलाच तयार नव्हता, म्हणून त्यांना मागितला. त्या म्हणाल्या, आईंचा नवा फोटो घरात नाहीच. मग मी त्याच्यावरूनच चित्र... जुळवलं.

सुनंदा : म्हणजे मी आरशात बघून काढलं, आणि तुम्ही जुना फोटो बघून पुसलं.

उन्मेष : पुसलं नाही काकू, सुधारलं.

सुनंदा : सुधारलंत? आयुष्यभर शाळेत वह्या तपासल्या मी. चूक दिसली की लाल गोल करायचे. पोराचं उत्तर खोडून तिथे माझं उत्तर नाही लिहिलं कधी. आणि इथे तर चूकही नव्हती.

उन्मेष : सॉरी, काकू. अगदी मनापासून. चित्र उतरवू का मग? उद्या नाही लावायचं?

सुनंदा : उतरवा. आणि रंग द्या.

उन्मेष : आत्ता?

सुनंदा : मग काय उद्या फीत कापल्यावर?

उदयसिंह : पण आरसा कुठंय इथे?

सुनंदा : नको आरसा. रोज दात घासताना बघतेय. तोंड पाठ झालंय माझं.

(उन्मेष चित्र उतरवून टेबलावर ठेवतो. सुनंदा ब्रश उचलते. आधी ओठांचा कोपरा खाली आणते, मग गाल.)

उन्मेष : काकू, गालाखाली सावली जरा... द्या इकडे.

सुनंदा : तोंडाने सांगा. हात मागे ठेवा.

उन्मेष : थोडी गडद हवी. मानेपाशी.

सुनंदा : अशी?

उन्मेष : हां. अजून थोडी. बस. आता हात नका लावू. काकू, मी केलं होतं त्यापेक्षा हे चांगलं झालं. खरंच.

सुनंदा : मला माहीत आहे.

उदयसिंह : ऐसा है, मला एक दिक्कत दिसून राहिली. वर चित्र एका बाईचं, खाली फोटो दुसरीचा. लोक म्हणतील, हिने बहिणीला काढलं की काय?

उन्मेष : फोटो काढून टाकतो. नुसतं नाव ठेवू.

सुनंदा : बाकी सगळ्यांचे फोटो लागणार ना?

उन्मेष : लागणार. पण तुम्ही म्हणाल तसं.

सुनंदा : मोबाइल आहे ना तुमच्याकडे? नवा काढा.

उदयसिंह : सुनंदाजी! अहो, नातवाच्या मुंजीत फोटोवाला दिसला की तुम्ही उठून आत जात होता. मी होतो तिथे, बघितलंय मी.

सुनंदा : जात होते. तेव्हा माझ्याआधी दुसरं कोणी मला बघणार होतं. आता मी आधी बघून घेतलंय. उजेड पुरेल का, सर?

उन्मेष : खिडकीकडे वळा थोडं. हां, असंच. हसू नका, म्हणजे... नॉर्मल राहा.

सुनंदा : का? हसले की जास्त वाकडं होतं म्हणून?

उन्मेष : ...हो.

सुनंदा : मग थांबा जरा. पदर नीट करते आणि हसते.